मामांची रॅम, काकांची रॅम

उचगावच्या धैर्यशीलला गेमिंग कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडायचा होता, आणि त्यात आपली चूक होणं शक्य नाही याची त्याला पक्की खात्री होती. प्रोसेसर, बोर्ड, पंखे, एका बाजूनं काच असलेला डबा, सगळं घरात येऊन पडलं होतं. राहिली होती फक्त रॅम.

"दोन स्टिक लागतात. एकाच पाकिटातली जोडी घ्यायची," त्यानं जाहीर केलं.

"मामाकडनं घे," आई म्हणाली. विजयसिंहमामांचं कॉम्प्युटरचं दुकान राजारामपुरीत.

"आणि माझ्या भावानं दुकान काय माशा मारायला काढलंय?" वडील, बाळासो, पेपरामागून बोलले. विश्वजितकाकांचं दुकान शाहूपुरीत.

मामा-काका एकमेकांशी बोलत नव्हते. धैर्यशीलच्या जावळाच्या जेवणात पांढरा रस्सा आधी कुणाच्या पंगतीला वाढला, यावरून जे फिरले ते फिरलेच. एरवी चाललं असतं. पण दिवाळीनंतर बहिणीचं, स्नेहलचं, लग्न होतं. मामांशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही, आणि मांडवापासून आचाऱ्यापर्यंत सगळं काकांनी अंगावर घेतलेलं.

"दादा, त्यातला एक जरी रुसला, तर तुझा कॉम्प्युटर पंचगंगेत सोडीन," स्नेहल म्हणाली.

धैर्यशीलनं मार्ग काढला. एक स्टिक मामांकडून, एक काकांकडून. दोन्ही डीडीआर फाइव्ह, वेग तोच, क्षमता तीच. स्नेहलचं स्थळ बघताना घरच्यांनी एवढं जुळवून बघितलं नव्हतं.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. मामांची स्टिक एकटी लावली, सुरू. काकांची एकटी लावली, सुरू. दोन्ही एकत्र लावल्या की पुन्हा अंधार. कंपन्या वेगळ्या, आतल्या चिप वेगळ्या. त्यांचं आपसात जमेना.

"मालकांवर गेल्यात," स्नेहल म्हणाली.

दोन्ही स्टिकवर शोभेचे दिवे होते. मग मामा येणार असले की त्यांची लाल दिव्याची स्टिक आत, काका येणार असले की त्यांची निळ्या दिव्याची. मामा काचेला नाक लावून म्हणत, "माल बघ की कसा पेटलाय." काका चहा ओतता ओतता म्हणत, "वेग आलाय तो आपल्यामुळं." फाटक वाजल्यापासून पाहुण्यानं चप्पल काढेपर्यंत स्टिक बदलण्यात धैर्यशील तरबेज झाला.

खंडेनवमीला बाळासोंनी कॉम्प्युटर पूजेला मांडला आणि धैर्यशीलला न विचारता मामा-काका दोघांनाही बोलावलं. दोघं एकदमच दारात. घाबरलेल्या धैर्यशीलनं दोन्ही स्टिक आत दाबल्या.

"चालू कर की," बाळासो म्हणाले.

स्क्रीन काळी.

"काहीजण डुप्लिकेट माल इकतात," मामा भिंतीला म्हणाले.

"कोण इकतंय ते गावाला ठावं हाय," काका पंख्याला म्हणाले.

लग्न मोडायला आलेलं बघून धैर्यशीलनं सगळं सांगून टाकलं, एकेक स्टिक लावून दाखवली. "दोघांचाही माल चांगला हाय. दोष कुणाचाच न्हाय."

काकांनी वाकून आत बघितलं. "मग हा बोर्ड कुणाकडनं आणलास?"

"ऑनलाइन."

"आणि प्रोसेसर?" मामांनी विचारलं.

"तो पण. सेल होता."

खोलीत उदबत्तीचा धूर तेवढा हलत होता. मामा सावकाश काकांकडे वळले.

"ऐकलं काय, पावणं?"

"ऐकलं की. म्हणजे आपण फक्त रॅमपुरतं."

"रॅमपुरतं."

दोघांनी आपापली स्टिक काढून खिशात घातली, सोफ्यावर शेजारी शेजारी बसले आणि ऑनलाइन सेलवाल्यांचा उद्धार करत एकमेकांना प्रसाद देऊ लागले. स्नेहलनं देवाला हात जोडले.

धैर्यशीलनं डब्यात डोकावून बघितलं. पूजेतल्या झेंडूची एक पाकळी रॅमच्या खाचेत पडली होती. अगदी फिट बसली होती.