कासव दिसल्यास काय करावे

धोक्याची सूचना कोणीही देऊ शकतो, पण ती ऐकून घ्यायला मोठं मन लागतं. आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात मोठ्या मनाच्या माणसांची टंचाई कधी पडली नाही. सूचना आली की आम्ही ती शांतपणे ऐकतो, तिच्यावर दोन-चार जाणत्यांचं मत घेतो, आणि मग जे करत होतो तेच पुढे करतो. सूचनेचा अपमान होत नाही आणि कामही अडत नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे. मी सौंसरला एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं बाबू होतो (शेवटची चार वर्षं बडेबाबू), आणि कवडूच्या ई-रिक्षात पुढच्या सीटवर, कवडूच्या डाव्या मांडीला लागून, दर मंगळवारी माझीच जागा असते. सकाळी जामसांवलीला मारुतीचं दर्शन, आणि परत सौंसर. समोर मीटरची काचपट्टी असते, तीही मलाच सगळ्यांत जवळून दिसते. सबब प्रस्तुत प्रकरणी मी प्रत्यक्षदर्शी आहे.

कवडूच्या रिक्षात कागदोपत्री चार सवाऱ्या बसतात. प्रत्यक्षात अकरा बसतात. (मागच्या सीटवर चार, तिच्यासमोरच्या सीटवर चार, कवडूच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि मागच्या पायरीवर एक, जो बसत नसून लोंबतो.) कंपनीच्या इंजिनिअरांनी हा हिशोब कुठं बसून केला ठाऊक नाही, पण त्यांना सरकून बसणारी माणसं भेटलेली दिसत नाहीत.

त्या मंगळवारी सर्वांत आधी येऊन बसली ती उर्वशी. जामसांवलीच्या पंचफुलाबाईची एकुलती पोरगी, नुकतीच नर्सच्या नोकरीत निवड झालेली. त्याच दिवशी अकरा वाजता छिंदवाड्याला जागांचं वाटप होतं आणि नियम साधा होता: जो आधी पोचेल त्याला आधी निवड. सौंसरच्या दवाखान्यात एकच जागा होती. बाकीच्या सगळ्या तामियाच्या पलीकडे, डोंगरात. पंचफुलाबाईचे गुडघे धरलेले, घरात दुसरं माणूस नाही, म्हणून पोरीला सौंसरच पाहिजे होतं. त्यासाठी सौंसरहून साडेआठची बस पकडायची होती. ती घरून सातलाच निघाली, पहिली आली, आणि पहिली आल्यामुळं मागच्या सीटवर अगदी आतल्या कोपऱ्यात बसली, जिथून बाहेर यायचं तर आधी तीन माणसं उतरावी लागतात. त्या बाजूला पडू नये म्हणून कवडूनं लोखंडी दांडा लावलेला आहे. वेळेवर येणाऱ्याला आमच्याकडे नेहमी सुरक्षित जागा मिळते.

तिच्या शेजारी शकुबाई, जी भाजीची टोपली मांडीवर घेऊन दोन माणसांची जागा व्यापते आणि एकीचे पैसे देते. पलीकडे रामाजी, वय पंच्याहत्तर, ज्यांना आदरामुळं कोणी हलवत नाही. कवडूच्या उजव्या हाताला त्याचे जावई वीरेंद्र, पांढुर्ण्याचे. पांढुर्णा दोन हजार तेवीसपासून जिल्हा आहे. त्यामुळं जावईबापूंचं मत जिल्हास्तरीय समजलं जातं.

पावणेआठला आम्ही निघालो. चारेक किलोमीटर गाडी बरी चालली. मग मीटरवर पिवळा दिवा लागला, 'ई-६' अशी अक्षरं उमटली, आणि त्यांच्या बाजूला एक छोटंसं कासव दिसू लागलं. गाडीचा वेग उतरला. इतका, की बाजूनं सायकलवर जाणारा एक माणूस आमच्याशी दोन मिनिटं बोलून पुढे गेला.

"कासव हाय बाप्पा," रामाजींनी मान लांब करून पाहिलं. "देवापुढचं कासव. दर्शन पावलं आपल्याले."

देवळात आत जाताना आधी कासवाला हात लावतात, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं. गाडी जामसांवलीहून येत होती, वार मंगळवार होता आणि समोर कासव उभं होतं. यात शंकेला जागा नव्हती. शकुबाईनं पिशवीतून कुंकवाची पुडी काढून पुढे दिली आणि मी स्वतः बोटानं मीटरच्या काचेवर टिळा लावला. त्यानंतर 'ई-६' मधला ई दिसेनासा झाला. म्हणजे निम्मा दोष तिथंच दूर झाला.

"कंपनीवाल्यानं सांगतलं होतं, लाल दिसलं तं भ्याचं," कवडू म्हणाला. "हे पिवळं हाय."

"आमच्या पांढुर्ण्यात चाबी तीन वेळा फिरवतेत," जावईबापू म्हणाले.

कवडूनं चाबी तीन वेळा फिरवली. कासव गेलं. सगळ्यांनी जावईबापूंकडे कौतुकानं पाहिलं. कासव परत आलं. तेव्हा सगळ्यांनी कवडूकडे पाहिलं, कारण चाबी त्यानं फिरवली होती. असं तीनदा झालं आणि मग सौंसर दोन किलोमीटर राहिलं असताना, संत्र्याच्या एका बगीच्याशेजारी गाडी उभी राहिली. तेव्हा आठ वाजून दोन मिनिटं झाली होती.

"बडेबाबू," मागून उर्वशीचा आवाज आला, "वजन जास्त झालं असन. चार-पाच जण उतरले तं चालून जाईन गाडी. माही साडेआठची बस हाय."

या मताची मी रीतसर नोंद घेतली. मुलगी तरुण आहे, गाड्यांचा अनुभव नाही, शिवाय तिचा या प्रकरणात वैयक्तिक स्वार्थ आहे. अशा व्यक्तीचं मत विचारात घेता येतं, ग्राह्य धरता येत नाही.

तरी कोणी पक्षपात केला असं म्हणू नये म्हणून मी शास्त्रीय चाचणी सुचवली. एका वेळी एक जण उतरेल, दहा आकडे मोजले जातील, कासव गेलं की नाही पाहिलं जाईल, आणि मग तो परत बसेल. त्याच्या जागेवर तोवर रुमाल राहील. ज्याच्या उतरण्यानं कासव जाईल, तो जास्तीचा. पद्धत सर्वानुमते मंजूर झाली. (उर्वशी काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती, असा आमच्या कार्यालयात एकतीस वर्षं प्रघात होता.)

आधी पायरीवरचा उतरला. कासव हललं नाही. तो परत लोंबला. मग शकुबाई टोपलीसकट उतरली, कासव तसंच. रामाजींना उतरवायला आणि चढवायला मिळून चार मिनिटं लागली, कासव तसंच. जावईबापूंना उतरा म्हणणं बरं दिसत नव्हतं, ते स्वतःच मोठ्या मनानं एक पाय खाली ठेवून बसले, तेवढं धरण्यात आलं. बाकीचे एकेक करून उतरले, मी उतरलो. कवडूही उतरला. फक्त उर्वशीची चाचणी घेता आली नाही, कारण तिला बाहेर काढायचं तर चार जण एकदम खाली येतात आणि पद्धतीचा भंग होतो. तिला प्रामाणिक समजून सूट दिली.

निष्कर्ष स्वच्छ होता. आमच्यापैकी कोणा एकाच्याही उतरण्यानं फरक पडत नाही. अर्थात आमच्यापैकी कोणीही जास्तीचा नाही. वजनाचा आरोप त्या जागीच निकाली निघाला आणि सगळ्यांना बरं वाटलं. आठ वाजून बारा मिनिटं.

दरम्यान एक जीपवाला थांबला होता. "काय झालं गा? कोणाले सोडून देऊ काय?"

"काई नाई, तुमी व्हा पुढं," कवडू म्हणाला. "कासव आलं. जाईन आता."

जीप गेली.

आता गाडीचं पुस्तक पाहावं, अशी सूचना पुढे आली. पुस्तक मागच्या सीटखालच्या पेटीत होतं. पेटी उघडायची तर सीटवरचे चारही जण उठले पाहिजेत. उठलं तर बसताना कोण कोणत्या जागी बसेल याची हमी कोणी देईना, आणि कडेची जागा नको म्हणून रामाजी तर आजवर भांडलेले. तेव्हा पुस्तकाचा विषय पुढील बैठकीपर्यंत स्थगित ठेवला.

"मग मीच उतरते," उर्वशी म्हणाली. आवाज रडवेला झाला होता.

"तू कायले उतरतं व माय," शकुबाई कळवळून म्हणाली. "तुलेच तं घाई हाय."

यातला तर्क मला आजही बिनतोड वाटतो. ज्याला घाई आहे त्यानं उतरून कसं चालेल, त्याला तर पोचायचं आहे. आणि ज्याला घाई नाही त्यानं कशाला उतरायचं, त्याला काय घाई आहे? या दोहोंत न बसणारा माणूस रिक्षात नव्हता.

पोरीनं पुढे ऐकलं नाही. तिनं आधी बॅग दांड्याखालून बाहेर ढकलली, मग स्वतः वाकून, ओढणी दांड्यात अडकली ती ओढून काढत बाहेर पडली. बॅग डोक्यावर घेतली आणि सौंसरच्या दिशेनं निघाली. आधी चालत होती, मग पळायला लागली. नवीन चप्पल होती, ती थोड्या अंतरावर काढून तिनं हातात घेतली. वळणापर्यंत आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. पण बसल्या बसल्या वाटलं.

तिच्या जाण्याचा एक फायदा झाला. कोपरा रिकामा झाल्यामुळं कवडूचा हात सीटखाली पोचला आणि पुस्तक बाहेर आलं. ते प्लास्टिकमध्ये होतं, गाडी आली त्या दिवसाचं हळदीचं बोट त्यावर शाबूत. हिंदीत लिहिलं होतं, मी मोठ्यानं वाचून सांगितलं: ई-६, कासवाचं चित्र, वजन जास्त. सवाऱ्या उतरवा. न उतरवल्यास गाडी थांबेल.

रामाजींनी मागच्या मागे कासवाला हात जोडले होते, ते सोडले.

"म्हणजे पोरगी बरोबर बोलून राहिली होती," शकुबाई म्हणाली.

अशा वेळी अनुभवी माणूस कामाला येतो. मी विचारलं, सवारी कोणाला म्हणायचं, हे पुस्तकात आहे काय? नव्हतं. मग बसल्या बसल्या यादी घेतली. जावई सवारी होत नाही, तो पाहुणा. रामाजी कवडूच्या वडिलांचे मित्र, ते घरचे. शकुबाई रोजची. रोजच्याला कोणी सवारी म्हणतं काय? मी पुढे बसतो, म्हणजे जवळपास ड्रायव्हरच. पायरीवरचा आत नसल्यामुळं गाडीत धरता येत नाही. असं करत करत शेवटी निव्वळ सवारी एकच निघाली, आणि ती पळत वळणाच्या पलीकडे गेली होती. पुस्तकाच्या आज्ञेचं संपूर्ण पालन झालेलं होतं. तरी कासव होतंच, याचा अर्थ मीटर खराब.

मग बगीच्याच्या कोपऱ्यावर चहाची टपरी दिसली आणि सहा-सात जण चहाला उतरले. कासव गेलं. कवडूनं हाक मारली, सगळे धावत येऊन बसले. कासव आलं. पुन्हा चहाला गेलो, पुन्हा गेलं. चार चहांनंतर कवडूनं ठरवलं की गाडीला मधूनमधून थांबा लागतो, आणि तेव्हापासून त्या टपरीवर आमचा अधिकृत थांबा आहे.

उर्वशीची साडेआठची बस चार मिनिटांनी चुकली. पुढची साडेनऊला होती. छिंदवाड्याला ती पोचली तेव्हा रांगेत तिचा नंबर सातवा होता. सौंसरची जागा पहिल्या नंबरच्या मुलीनं घेतली (ती परासियाची, तिला सौंसर नको होतं, पण पहिला नंबर आल्यावर सोडतो कोण). उर्वशी आता तामियाच्या पलीकडे असते. महिन्यातून एकदा घरी येते.

पंचफुलाबाई दर मंगळवारी गुडघे दाखवायला सौंसरला येते, कवडूच्याच रिक्षानं, कारण दुसरी गाडी नाही. तिला जागा करून देण्यात आम्ही कधी कसूर केली नाही. सगळे सरकतो. तिच्यासकट आता बारा होतात. ती कोपऱ्यात बसते आणि सौंसर येईपर्यंत कोणाशी बोलत नाही. मागे एकदा मी विचारलं, पोरगी बरी हाय ना? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरीच हाय. तुमी बसा."

ते ऐकून दोन रात्री झोप आली नाही. शेवटी दोष नक्की कोणाचा याची चौकशी करायचं मी मनावर घेतलं. हाच सगळा वृत्तांत सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत ओळखीच्या लोकांना वाचायला दिला आणि कळवलं, की त्या दिवशी आपणही त्या रिक्षात बसलेलो होतो असं धरावं, आणि कोणी कोणी उतरायला पाहिजे होतं त्यांची नावं लिहून पाठवावीत. सत्तावीस याद्या आल्या. जावई सगळ्यांत आहेत. शकुबाईची टोपली काहींनी वेगळी लिहिली आहे. माझं नाव पंचवीस याद्यांत पहिलं आहे (उरलेल्या दोन माझ्या घरच्यांच्या). स्वतःचं नाव एकानंही लिहिलेलं नाही.

आपणही इथवर वाचलंत, म्हणजे आपली यादी मनात तयार झालेलीच आहे. ती पाठवण्याची तसदी घेऊ नये. अठ्ठाविसावी म्हणून मी ती दाखल करून घेतली आहे, आणि आपलं नाव तिच्यात नाही, हे न विचारताच लिहून ठेवलं आहे.