दत्तोबांचा कान

दत्तोबा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, ते पाटावर बसण्याआधी स्टुलावर चढले. खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक चालू पंख्याच्या दांडीला टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानाला. मग खाली उतरून माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, ह्याच्याखाली पाळणा बांधू नका." पंख्याने महिन्याभरात मान टाकली.

पिंपरीच्या ज्या कारखान्यात मी टाइमकीपर होतो, तिथे ते मेंटेनन्सला फिटर. राहायला कासारवाडीत, कारखान्यांत जमीन गेली आणि नोकरी आली, त्या पिढीतले. चांगलं बेअरिंग गप असतं, झिजलेलं कुरकुरतं, एवढ्या एका सूत्रावर ते सारं जग मोजायचे. मॅनेजर ओरडला की म्हणायचे, "सायबाचं बुश गेलंय, ग्रीस मागतोय." युनियनच्या पुढाऱ्याचा तर गिअरबॉक्सच फुटलेला होता. आणि ज्याची तारीफ करायची त्याच्याबद्दल दोनच शब्द, "गप चालतंय."

ही तारीफ फार थोड्यांच्या वाट्याला आली. त्यांत एक त्यांची बायको, अनसूयाबाई. "बावीस वर्सं झाली राव, कसला म्हनून आवाज न्हाई," असं ते चारचौघांत सांगायचे.

बाईंना साखरेचा आजार होता. पायाचा अंगठा काळा पडला, तरी त्यावर चिंधी गुंडाळून त्या गोठा आणि चूल सांभाळत राहिल्या. वास घरभर झाला तेव्हा कुठे दत्तोबांना कळलं. कंपनीच्या डॉक्टरांनी पुण्याच्या एका इस्पितळात पाठवलं. फॉर्म इंग्रजीत भरायचे म्हणून मी बरोबर गेलो.

तिथे एक नवीन यंत्र आलं होतं. पेनासारखी कांडी आणि तारेने जोडलेला छोटा खोका. डॉक्टरांनी मांडीला गार मलम लावून कांडी टेकवली, तशी खोक्यातून "शूक्... शूक्... शूक्" सुरू झालं. दत्तोबांचा चेहरा पडला.

"लई वाजतंय. हितं झीज हाय का?"

डॉक्टरांनी कांडी खाली सरकवली. गुडघ्यामागे आवाज अगदी बारीक झाला. घोट्यापाशी काहीच नाही. पावलावरही नाही. डॉक्टर कांडी इकडून तिकडे सरकवत राहिले आणि दत्तोबा मात्र खुलत गेले.

"बगा, खाली एकदम गप! वरचं तेवढं बगा तुमी." बाईंचं लुगडं सारखं करून ते म्हणाले, "चल, ऊठ."

मलाही क्षणभर हायसं वाटलं, हे कबूल करतो.

डॉक्टरांनी कांडी खाली ठेवली. "काका, उलटं आहे. ही कांडी आपल्याला ऐकू न येणारा आवाज आत सोडते. तो वाहत्या रक्तावर आपटून बदलून परत येतो, आणि तो बदल हा खोका ऐकवतो. वाजतंय तिथे रक्त पळतंय. इथे रक्तच पोचत नाही. पाय काढावा लागेल, नाहीतर बाई हाताला लागणार नाहीत."

"परत लावा," दत्तोबा म्हणाले.

परत लावलं. "मोटा करा आवाज." डॉक्टरांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. नुसती खरखर आली.

तेव्हा दत्तोबांनी खोका बाजूला सारला, गुडघे टेकले आणि त्या काळ्या अंगठ्याला लागूनच, बायकोच्या पावलावर आपला कान ठेवला. वासाने मी मागे सरकलो. त्याची लाज अजून वाटते.

तोवर एक अक्षर न बोललेल्या अनसूयाबाई ओरडल्या, "अवो, काय करताय ह्ये! माज्या पायावर डोकं? पाप लागंल मला, उठा!" पाय ओढून घ्यायला त्या धडपडल्या, पण तो हलेना.

दत्तोबा उठले नाहीत. सगळ्यांनी गप राहावं म्हणून त्यांनी डोळे मिटूनच एक हात वर केला, आणि ते तसेच ऐकत राहिले.