हयातीचा दाखला आणि साहेबांची झोप

माणसाच्या शरीरात एक घड्याळ असतं आणि ते बिघडवणं प्रकृतीला घातक असतं, हे नागपुरातल्या एका कार्यालयाने यंदा तत्त्वतः मान्य केलं. परिपत्रक निघालं : यापुढे प्रत्येक कर्मचारी आपल्या नैसर्गिक निद्राचक्रानुसार काम करील.

अर्ज घेणाऱ्या अपेक्षाताई पहाटे जागणाऱ्या निघाल्या. तपासणारे सुशीलबाबू दुपारचे. सही करणारे आनंदराव साहेब दिवेलागणीचे. तिघांची प्रकृती सुधारली. फक्त तिघं एका वेळी जागे सापडेनात.

उमरेडच्या कुसुमावतीबाई हयातीचा दाखला काढायला पहिल्या एसटीने आल्या. दाखला नाही, तर नवऱ्यामागचं पेन्शन बंद. त्यात सोमवार, घरी देवापुढे दिवा लावूनच उपास सुटायचा. अपेक्षाताईंनी अर्ज घेतला आणि टेबलावर डोकं टेकलं. दुपारी सुशीलबाबू उठले.

"कागद बरोबर आहे, आजी. साहेब उठले की सही."

"कवा उठतीन गा?"

"ते निसर्गावर आहे."

"आमच्या देवळातला देवबी दुपारी झोपते, बाबू. पण पट कवा उघडतीन, ते पुजारी सांगते."

"देवाले परिपत्रक लागू नाही, आजी."

"मंग हालवून पाहा ना त्याईले!"

"गाढ झोपेत आहेत. मधातच उठवलं तर चिडतात, अन् तो राग तुमच्याच फाईलवर निघन."

"अन् माह्या शरीराचं घड्याळ?"

"नागरिकांचं घड्याळ परिपत्रकात नाही."

बाई बाकावर बसल्या. उपाशी पोट, कूलरचा वारा, डोळा लागला. नेमके तेव्हाच, दिवेलागणीला, आनंदराव प्रसन्न मुद्रेने, पेन उघडून बाहेर आले.

"उठवू का यांना, साहेब?" सुशीलबाबूंनी जांभई देत विचारलं.

"छे! कुणाच्या निसर्गात ढवळाढवळ नको." साहेब थबकले. "पण झोपलेल्या बाई हयात आहेत, हे मी कशावरून लिहू?"

आणि त्यांनी मोठ्यांदा वाचत शेरा मारला : 'अर्जदार समक्ष हजर. हयात असल्याचा जागृत पुरावा आढळला नाही.'

बाई दचकून उठल्या. "मी जिती आहो ना गा! हे पाहा, बोलून राहिली!"

"शेरा झाला, आजी," सुशीलबाबू म्हणाले. " आता झोपेतबी तुम्ही जित्या होत्या, असं सांगणारा साक्षीदार आणा."

बाई बाकावर शेजारी बसलेल्या तुमच्याकडे वळल्या. "तुमी तर बाजूलेच होते. मी घोरून राहिली होती ना?"

घोरत होत्या, तुमच्याच खांद्यावर डोकं टेकून. पण पुढचा नंबर तुमचा होता. तुम्ही हळूच डोळे मिटून घेतलेत.

मग साहेबांनी विचारलं, "पुढचा कोण?"

आणि तुम्हाला नैसर्गिक जाग आली.