रूपरावांनी घड्याळ काळं केलं

किती तरी महिन्यांनी रूपरावांनी समोरच्यांवर कोट चढवला आणि त्याच संध्याकाळी त्यांना डावातून उठवण्यात आलं.

मेंढीकोट हा चौघांचा खेळ, दोन-दोन भिडूंचा. चारही दहेले, म्हणजे दश्श्या, एका बाजूला गेले की कोट, आणि कोट म्हणजे समोरच्यांची अब्रू वेशीवर. वर्ध्याच्या त्या कॉलनीत पाण्याच्या टाकीखालच्या ओट्यावर रोज पाच वाजता हा डाव बसे. रूपराव आणि प्रभाकरराव एकीकडे, महादेवराव आणि बंडूजी दुसरीकडे. हरण्याचं काम बहुतेक रूपरावांकडे असे आणि ते त्यांनी आजवर बिनतक्रार केलं होतं. त्यामुळे त्या दिवशी चौथा दहेला त्यांच्या पुढ्यात आला तेव्हा महादेवरावांना ते नशीब वाटेना. त्यांनी रूपरावांच्या मनगटाकडे बोट दाखवलं.

"वाटताना पानं तुले घड्याळात दिसते. आरसा बांधून आला तू, रूप्या."

घड्याळ नवं होतं. बंगळूरला असलेल्या अंकितानं, म्हणजे मुलीनं, वाढदिवसाला पाठवलेलं. काच लहानशी, पण तिच्याभोवतीची धातूची केस चांगली रुंद, चपटी आणि लखलखीत.

"अबे, टायटॅनियमचं आहे ते," रूपराव म्हणाले. "स्टीलनं खाज सुटते मले."

"खाज कायची सुटते ते समजलं आम्हाले. काढून ठेव मंग खिशात."

इथेच सगळी गोम होती. घड्याळ काढलं तर चोरी कबूल केल्यासारखं होत होतं. रूपराव म्हणाले, काढत नाही. महादेवराव म्हणाले, मग ऊठ. रूपराव तावातावानं उठले. चार पावलं गेल्यावर कुणीतरी हाक मारेल म्हणून त्यांनी चाल हळू केली. मागून पत्ते पिसल्याचा आवाज आला. तिघांनी तीन-दोन-पाच मांडला होता.

तीस वर्षं वर्धा बसस्थानकावर माइकपुढे बसून रूपरावांनी अख्ख्या जिल्ह्याला हाका मारल्या होत्या. आष्टीची गाडी कुठे लागली, जामची का उशिरा आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कुणी जागचं हलत नसे. आता घरात त्यांचं ऐकायला फक्त कुकर होता. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. खरं सांगायचं तर त्यांना पत्त्यांचं वेड नव्हतंच. दिवसातून एकदा कुणी तरी आपल्याला 'अबे रूप्या' म्हणतं, एवढ्यासाठी ते दुपारपासून घड्याळ बघत असत. आता घड्याळ होतं, पाचही वाजत होते, आणि जायला जागा नव्हती.

आठवडाभर एकट्यानं चहा पिऊन झाल्यावर त्यांना युक्ती सुचली. घड्याळ काढायचंही नाही आणि त्यात पानं दिसायलाही नकोत. म्हणजे ते काळं करायचं. मोबाइलवर एका पोरगेल्या माणसाचा हिंदी व्हिडिओ सापडला. टायटॅनियमला आच दिली की रंग गडद होतो, असं तो छातीठोकपणे सांगत होता. रंग लावायला नको, काही नको, फक्त आतलं मशीन काढून घ्या आणि वारा लागू देऊ नका.

रूपराव स्टेशनजवळच्या ओमप्रकाश घड्याळवाल्याकडे गेले.

"मशीन काढून द्या. केस काळी करायची आहे मले."

"कायले, काका? काळं घड्याळच घ्या ना," ओमप्रकाशनं एक काढून समोर धरलंसुद्धा.

"हे पोरीनं पाठवलं आहे."

"तिले काय समजते? फोनवर सगळं काळंच दिसते."

शेवटी त्यानं नाखुशीनं मशीन, काच आणि पट्टा काढून एका डबीत ठेवले आणि रिकामी केस रूपरावांच्या हातावर टेकवली. मागच्या झाकणाच्या खाचेत काळं रबर बसलेलं असतं, ते त्यानं काढलं नाही आणि रूपरावांना ते असतं हेच ठाऊक नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि पोळीचा चिमटा घेऊन गॅसपुढे उभे राहिले. मे महिन्यातलं वर्धा आणि बंद स्वयंपाकघर. केसच्या आधी रूपरावच तापले. पण हळूहळू केसवर पुरणासारखा पिवळा रंग चढला. व्हिडिओतला माणूस खोटारडा नव्हता तर. तेवढ्यात खाचेतल्या रबरानं पेट घेतला आणि असा काही काळा, उग्र धूर निघाला की चिमटासुद्धा दिसेनासा झाला.

शेजारच्या आनंदाबाईंना वास गेला. त्यांनी दार ठोठावलं.

"भाऊजी, काय जळून राह्यलं? दार उघडा ना."

आच आता थांबवली तर घड्याळ जन्मभर पिवळं राहणार होतं. रूपरावांनी थांबा म्हणायला तोंड उघडलं, त्यात धूर गेला आणि नुसता खोकला बाहेर पडला. बाहेर आनंदाबाईंनी बेरीज केली. एकटा माणूस, बायको नाही, पोरगी दूर, आठ दिवसांपासून ओट्यावर दिसत नाही, दारं-खिडक्या बंद आणि आत गॅस. त्यांनी गल्ली गोळा केली. दोघांनी खांदा लावून कडी तोडली. आत रूपराव उभे होते, डोळे लालभडक आणि गालांवरून पाणी वाहतंय.

"घड्याळ काळं करत होतो," ते म्हणाले.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी पुढे होऊन गॅस बंद केला. आनंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"हाव, भाऊजी. घड्याळच करत होते तुम्ही. बसा आता इकडं."

खरं बोलूनही कुणाचा विश्वास बसू नये, अशी ही वेळ होती. रूपराव जितक्या बारकाईनं टायटॅनियम समजावून सांगत, तितके लोक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत. संध्याकाळी अंकिताचा फोन आला. आनंदाबाईंनी तिला सगळं कळवलंच होतं.

"बाबा, माझ्याशी तरी खरं बोला."

"अवं, घड्याळ चमकत होतं ना, म्हणून त्याले गॅसवर धरलं."

पलीकडून हुंदका आला. त्यानंतर ती दिवसातून तीनदा फोन करू लागली. आनंदाबाई डबा पाठवू लागल्या आणि रूपरावांनी तो खाल्ला की नाही ते बघायला थांबू लागल्या. घरात माणसं येत होती, पण सगळी हळू आवाजात बोलत होती. बायको गेली तेव्हाही लोक असंच बोलत होते आणि तेव्हाही रूपरावांना इतकंच एकटं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला महादेवराव, बंडूजी आणि प्रभाकरराव स्वतः दारात आले. महादेवरावांनी चपला बाहेर काढल्या, जे त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"रूपरावजी, चाला. तुमच्याबिगर मजा नाई येऊन राह्यली."

रूपरावजी! रूपरावांना क्षणभर वाटलं, मागे आणखी कुणी उभं आहे. पण बोलावणं आलं होतं, हे काही थोडं नव्हतं. ओमप्रकाशकडून घड्याळ जोडून आलेलंच होतं. केस मधल्या धावपळीत चांगलीच जांभळी झाली होती, पण पूर्वीची नव्हती एवढं नक्की. ती सगळ्यांना दिसावी म्हणून रूपरावांनी बाही वर सरकवली. तिघांपैकी कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"घड्याळ पाहा ना," शेवटी तेच म्हणाले.

"मस्त आहे," बंडूजी आभाळाकडे पाहत म्हणाले.

ओट्यावर रूपरावांसाठी उशी ठेवली होती. पहिल्याच डावात त्यांनी कोट चढवला. दुसऱ्यातही. घरी जाताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. पण पुढच्या दिवशी बंडूजींनी हुकमाचा एक्का हातात ठेवून दहेला सोडून दिला, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मग त्यांनी मुद्दाम चुकीचं पान टाकलं. महादेवरावांनी त्याहून चुकीचं टाकलं. त्या संध्याकाळी ओट्यावर हरण्याची अशी चुरस लागली की प्रभाकरराव, भिडू असूनही, घामाघूम झाले. आणि शेवटी जिंकले रूपरावच.

त्यानंतरच्या दिवशी रूपरावांनी ठरवून केलं. डाव रंगात असताना मान लांब करून ते सरळ महादेवरावांच्या पानांत डोकावले. एरवी एवढ्यावरून महादेवरावांनी टाकी डोक्यावर घेतली असती. आज त्यांनी पानं थोडी तिरकी केली, रूपरावांना नीट दिसावीत म्हणून.

रूपरावांनी आपली पानं खाली ठेवली.

"महादेव, मी तुही पानं पाहून राह्यलो. दिसत नाई तुले?"

"पाहा ना, रूपरावजी. आपलीच आहे."

"घरी तं एकटा असतोच मी." रूपरावांचा आवाज माइकवरच्या आवाजासारखा मुळीच नव्हता. "इथंही मले एकट्यालेच खेळवता का बे तुम्ही?"

महादेवरावांनी पानं गोळा केली, पुन्हा पसरली, पुन्हा गोळा केली.

"मंग त्या दिवशी काय करत होता गॅसवर?"

"घड्याळ काळं. तुह्यापायी. त्यात पानं दिसू नाई म्हणून."

महादेवरावांनी खिशातून चष्मा काढला, रूपरावांचा हात धरून जवळ ओढला आणि पहिल्यांदाच त्या घड्याळाकडे नीट पाहिलं.

"हे काळं आहे? हे तं वांगं आहे बे!"

मग त्यांना शंका आली. त्यांनी एक पान उचलून घड्याळावरून सावकाश सरकवलं आणि वाकून बघितलं. रंग बदलला होता, चकाकी तशीच होती. जांभळ्या केसमध्ये चौकटचा राजा मिशांसकट दिसत होता. बंडूजी वाकले, प्रभाकरराव वाकले. सगळ्यात शेवटी रूपराव वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आयला. दिसते की हो."

"म्हणजे तुले माहीतच नव्हतं?"

"मी कायले पाहू तिथं? मी पानं वाटू की घड्याळ पाहू?"

महादेवरावांनी चष्मा काढून पुसला.

"भैताडा, आरसा बांधून वर्षभर हरत राह्यला असता तू. काढ ते."

"नाई काढत. अंकितानं देल्लं."

"मंग ऊठ."

"नाई उठत."

"मंग वाट पानं. पण पुन्हा दारं लावून चिमटा धरशील, तं पाय मोडीन तुहे."

रूपरावांनी पानं वाटली. तिघेही त्यांच्या मनगटावर डोळे लावून बसले होते आणि एकेका पानाला 'हात वर घे बे', 'तिकडं पाहू नको बे' असं ओरडत होते. त्या डावात चारही दहेले महादेवरावांकडे गेले. ते ओट्यावर उभे राहिले आणि समोरून जाणाऱ्या ऑटोवाल्यालाही थांबवून त्यांनी कुणावर कोट चढला ते सांगितलं. रूपरावांनी सगळं ऐकून घेतलं, उशी बाजूला सारली आणि पुढच्या डावासाठी पत्ते पिसायला घेतले.