वीस लिटरातली मुंबई

माझं वजन आयुष्यात पहिल्यांदा कुणा डॉक्टरनं केलं नाही. ते केलं माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, गणपतभावजींनी, पडवीच्या तुळईला टांगलेल्या भाताच्या काट्यावर, सहा शेजाऱ्यांच्या देखत.

"पाऊण पोतं!" भावजींनी जाहीर केलं. "आणि अंबाड्याचं येगळं."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, महाडात मॅट्रिक झालेली. बहिणीच्या सेवेसाठी आपण कापड्यासारख्या खेड्यात येऊन राहिलो, याचं मलाच फार कौतुक. असल्या मुलीला कुणीतरी काट्यावर बसवायलाच हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मी दोन दिवस भावजींशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

भावजींनी मुंबईत बरीच वर्षं टॅक्सी चालवली. गावी परतताना एक म्हातारी मोटार घेऊन आले. तिच्यात कुणीतरी मागाहून डिझेलचं इंजिन बसवलेलं. ती सुरू झाली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची. या गाडीतून ते पोलादपूर-महाड भाडी मारत.

ताईच्या पोटात गाठ निघाली आणि भाडी मागे पडली. दर पंधरवड्याला तिला मुंबईच्या इस्पितळात गाठीवर किरणांचा शेक द्यायला न्यायचं होतं. एकही खेप चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. एसटीचे धक्के तिला सोसत नव्हते. आणि नेमकी त्याच दिवसांत डिझेलची टंचाई. पंपावर ही लांब रांग, आणि एका गाडीला मिळणार वीस लिटर. परतीचं डिझेल भावजींचे जुने टॅक्सीवाले दोस्त कसंही करून भरून देत, पण आधी मुंबई गाठायला तर हवी! मुंबई दोनशे किलोमीटर, आणि गाडी लिटरला नऊच्या वर जाईना. पहिल्याच खेपेला पनवेलच्या पुढं ती दोनदा खोकली आणि थांबली. ताई मागच्या सीटवर पडून, भावजी रिकामा डबा घेऊन ट्रकवाल्यांपुढं उभे. आम्ही पोचलो तोवर मशीन बंद झालेलं. तो शेक चुकला.

त्या दिवसापासून भावजींना अ‍ॅव्हरेजनं झपाटलं.

"डिझेल टाकीत नसतं गो, पायात असतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पाय हलका ठेवायचा, बस्स. भराभरा जेवणाऱ्यालाही ते हेच ऐकवत. टपावरचा कॅरियर त्यांनी उतरवला. डिकीतलं किडूकमिडूक काढलं. आपल्या शेजारची सीट काढून तिथं मला गोणपाटावर बसवलं, तेही आधी त्या काट्यावर तोलून. डिझेल ताईच्या जुन्या लुगड्यातून दोनदा गाळून टाकीत पडे. आमच्या घरात चहासुद्धा इतका गाळला जात नसे.

मग ते एकेक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवायचे, आणि ताई पडवीत उशीला टेकून फेरे मोजायची.

"सहा, सात, आठ. थांबलं."

"आणि हे डावं?"

"एक, दोन... तीनच हो."

"तीन कसं? नीट मोज की."

"मला गाठ पोटात झालीय, डोक्यात नाही. तीनच. ब्रेक धरत असेल त्याला."

चाक उघडलं, तर खरंच ब्रेक सुटतच नव्हता. महाडच्या दोन फिटरांना न सापडलेली खोड अंथरुणावरच्या बाईनं शोधली. भावजी तिच्याकडं असे बघत राहिले, की मी उगीचच चुलीकडं काम काढून आत गेले.

पुढच्या खेपेला मी एक पराक्रम केला. मुंबईत आपण चुरगळलेल्या साडीत दिसू नये म्हणून लोखंडी इस्त्री गोणपाटाखाली दडवून नेली. दासगावच्या खिंडीत उतार लागताच भावजींनी इंजिनच बंद केलं. गाडी भुतासारखी मुकाट खाली सुटली. मी किंचाळले.

"वरडू नको गो सुले, गाडी बिचकंल."

आता माझा नातू सांगतो, "आजी, इंजिन बंद करून उतरलं तर ब्रेक नीट लागत नाहीत, मेला असता सगळे." तेव्हा तो सांगायला नव्हता, म्हणून वाचलो.

मी किंचाळून सरकले आणि इस्त्री उघडी पडली. भावजी रागावले नाहीत. एका हातानं ती उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "तुझी मुंबई तूच धर." मी शरमेनं मान खाली घालून ती इस्त्री थेट इस्पितळापर्यंत मांडीवर वागवली. मांडीवर घेतली तरी गाडीला वजन तेवढंच, हे मॅट्रिक असून मला सुचलं नाही आणि त्यांनाही नाही. मागं ताई मात्र पोट धरून हसत होती. हसताना तिला दुखायचं, तरी हसत होती.

त्या खेपेला पोचलो. भावजींनी टाकीत काठी घातली, टोक ओलं निघालं. ते टोक त्यांनी ताईला नेऊन दाखवलं, पोर पास झाल्याचा कागद दाखवावा तसं.

पुढं प्रत्येक खेपेआधी आम्हा दोघींना काट्यावर बसावं लागे. माझा आकडा जागचा हलत नसे. ताईचा मात्र दर वेळी उतरे. गाडीचा अ‍ॅव्हरेज चढत होता. दहा झाला, साडेदहा झाला, आणि काठी जास्त जास्त ओली निघू लागली. भावजी खूश, आणि त्यांना खूश बघून मूर्खासारखी मीही. चौथ्या की पाचव्या खेपेला काट्यावर बसल्या बसल्या ताई म्हणाली, "बघा, तुमच्या गाडीसाठी मीसुद्धा कमी होतेय."

भावजींनी तिला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. काटा तुळईवरून सोडला, खांद्यावर टाकला आणि ज्याचा होता त्याच्या घरी देऊन आले. नंतर आमच्यात वजन हा शब्द निघाला नाही.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. भावजी बाहेर आले ते एवढंच म्हणाले, "आता परत आणायला नको बोलले."

येताना त्यांनी एकाही उतारावर इंजिन बंद केलं नाही. ताईच्या डोळ्याला आठवडाभर डोळा लागला नव्हता. दुखणं रात्रंदिवस जागं. पण माणगावच्या आसपास मागून तिचा कण्हण्याचा आवाज थांबला. मी घाबरून वळून बघितलं. तोंड किंचित उघडं टाकून ती गाढ झोपली होती.

भर दुपारी गाडी कापड्याला अंगणात येऊन उभी राहिली. इंजिन चालूच. काळा धूर पडवीत शिरत होता. एवढ्या महिन्यांत मी भावजींची पक्की चेली झालेली. मला राहवेना.

"भावजी, बंद करा की. डिझेल जातंय."

"जाऊ दे."

"अहो, उभ्या गाडीत फुकट..."

"बंद केलं का हिसका बसतो," ते पुढं बघतच हळू म्हणाले. "उठंल ती."

आपण तरी उतरून अंथरूण घालावं म्हणून मी कडीला हात घातला.

"तू पण नको उतरू गो. दार वाजंल."

शेजारीण विचारपूस करायला पुढं आली, तिला त्यांनी लांबूनच हात केला. ती कुंपणाशी थांबली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून भावजी समोरच्या भिंतीकडं बघत होते, रस्ता असावा तसे. गोणपाटावर मी अंग चोरून बसले. अंगणात येऊन तास झाला, सव्वा तास झाला, तरी आम्ही तिघं काही पोचलो नव्हतो.