कात्रीतून सुटलेले पान

सार्वजनिक ग्रंथालयात दोन दालने होती: ज्ञान आणि मनोरंजन. खरे ते पहिल्यात, खोटे ते दुसऱ्यात. मधल्या भिंतीला दार नव्हते, त्यामुळे दोन्हीकडची पुस्तके एकमेकांना बिघडवत नसत. ग्रंथपालांच्या वहिनींनी पुस्तक लिहीपर्यंत ही व्यवस्था निर्दोष समजली जात होती.

वहिनींनी ते दुपारची भांडी आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्यामधल्या फटीत लिहिले होते. त्यात कपडे आपोआप धुणारे यंत्र होते, तळहाताएवढ्या काचेत परगावची माणसे बोलताना दिसत, आणि एक बाई चंद्रावर फिरून येई.

ज्ञान विभागप्रमुखांनी पुस्तक चिमटीत धरले. "चंद्रावर हवा नाही, हे बरोबर लिहिलंय. पण तिथे गेलेली बाई कुठाय? हजर करा, लगेच घेतो."

मनोरंजन विभागप्रमुखही नाखूष. "यात भूत नाही, लग्न नाही. धुण्याच्या यंत्रातल्या नुसत्या पंपावर पानंच्या पानं! आमचे वाचक झोप यावी म्हणून वाचतात हे खरं, पण इतकी नको."

"भाऊजी, एवढीशी जागा द्यायला तुमचं काय जातंय?" वहिनींनी विचारले. "कुणीतरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचावं, एवढंच म्हणणं आहे माझं. खरा मुद्दा शेवटच्या पानावर आहे."

"वहिनी, प्रश्न जागेचा नाही, तत्त्वाचा आहे," ग्रंथपाल म्हणाले. तत्त्वाचा प्रश्न निघाल्यामुळे समिती नेमणे भाग पडले.

समितीने ठराव केला: सदर पुस्तक तूर्त खोटे समजून मनोरंजनात ठेवावे. त्यातील जी गोष्ट खरी होईल, तिची पाने कापून ज्ञान विभागात वर्ग करावीत. सगळी पाने तिकडे जमा झाली, की पुस्तक पुन्हा बांधावे. ग्रंथपालांनी त्याच दिवशी कात्रीला धार लावून घेतली.

वहिनींची गत पाहून इतर लेखक शहाणे झाले. कात्रीपासून वाचायचे, तर कधीच खरे होणार नाही असेच लिहायला हवे, हे त्यांनी ताडले. मग तीन डोक्यांचे परग्रहवासी आले, भूतकाळात नेणाऱ्या खुर्च्या आल्या, अदृश्य सासरे आले. जिन्याखाली वेगळे कपाट करावे लागले. विद्वानांनी त्याला साहित्यप्रकार अशी मान्यता दिली, आणि तो आपल्या मुलांच्या हाती लागू नये याचीही काळजी घेतली.

इकडे कपडे धुणारे यंत्र बाजारात आले. ग्रंथपालांनी पाने कापली. "अभिनंदन वहिनी! तुमचं दुसरं प्रकरण खरं झालं."

"मग आता ते कुणी वाचतं का?"

"छे! यंत्राबरोबर माहितीपुस्तिका मिळते, तीच कुणी उघडत नाही. तुमचं कोण वाचणार?"

पुढे माणूस चंद्रावर गेला. बाई नव्हती, म्हणून समितीत दुफळी माजली. अखेर पुस्तकातल्या 'बाई'वर काट मारून 'माणूस' केले आणि पाने वर्ग झाली. तळहाताएवढी काच तर घरोघर पोचली. ग्रंथपाल निवृत्त झाले, तरी कात्री त्यांच्याकडेच राहिली. मनोरंजन विभागात आता पुठ्ठा आणि शेवटचे पान एवढेच उरले.

"भाऊजी, आता तरी बांधा हो," वहिनी म्हणाल्या. एव्हाना त्यांच्या हातात काठी आली होती. "एकच पान तर राहिलंय."

"तिथेच तर घोडं अडलंय ना! नियम म्हणजे नियम. तेवढं खरं होऊ द्या, त्याच दिवशी बांधतो." भाऊजींनी घड्याळ पाहिले. "बरं, तुम्ही पुढे होऊन चहा टाका. मी आलोच मागोमाग."

ते पान पुढे, कधीच खरे न होणाऱ्या पुस्तकांबरोबर, जिन्याखालच्या कपाटात गेले; अजून तिथेच आहे. त्यावर लिहिले आहे: 'घरातली सगळी कामे यंत्रे करू लागली. मग एका दुपारी बाई खुर्चीत निवांत बसली, आणि कुणीही तिला हाक मारली नाही.'

वाचक ते उभ्याउभ्याच वाचतात. तीन डोक्यांच्या परग्रहवासीयांवर ज्यांचा चटकन विश्वास बसतो, तेही इथे हसतात. "काय डोकं चालवलंय लेखिकेनं!" म्हणतात. मग खिशातली काच काढून घरी कळवतात, "निघालोय गं. गरम काहीतरी करून ठेव."

आपल्या स्वयंपाकघरातून आत्ता जो भांड्यांचा आवाज येतो आहे, तो अर्थातच यंत्राचा असावा.