कोटाचं चौथं बटण

शिंप्याच्या तोंडात टाचण्या असल्या की त्याच्याइतका देखणा माणूस अख्ख्या गल्लीत सापडत नसे. हे त्याच्या थोरल्या बहिणीचं मत होतं आणि ती ते त्याच्या तोंडावर सांगायची. उंची बरी, केस अजून जागेवर, हात स्वच्छ, कपडे तर काय, घरचेच. एकेचाळिशी आली तरी याचं लग्न का जमत नाही, हे कोडं पुष्कळांना पडायचं. टाचण्या नसताना त्याच्याशी पाच मिनिटं बोललेल्यांना मात्र ते पडत नसे.

कारण शिंपी दुसऱ्याचं वाक्य पूर्ण करायचा. असा एक तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असतो. नसेल, तर तो बहुधा आपणच.

खोड धंद्यातून लागलेली होती. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून "इथे जरा..." म्हणतं आणि गप्प बसतं, पुढचं "घट्ट होतंय" शिंप्यालाच म्हणावं लागतं. वीस वर्षं हे केल्यावर जीभ दुकानाबाहेरही पुढे पळायला लागली. त्यात खांदा, बाही आणि कंबर सोडून इतर कुठल्याही विषयात त्याचा अंदाज हटकून चुकायचा. मागे एक बाई लग्नाचं बोलायला भेटल्या होत्या. "मला वाटतं, आपण..." एवढं त्या म्हणाल्या आणि शिंप्याने "लवकरच उरकून घेऊ" असं म्हणून टाकलं. बाईंना "इथेच थांबू" म्हणायचं होतं. ते त्यांनी जिना उतरता उतरता म्हटलं.

अशात ग्रंथपालबाई एक करडा कोट घेऊन दुकानात आल्या. कोट त्यांच्या आईचा. तो त्यांना आपल्या अंगाबरोबर करून हवा होता, म्हणजे सगळा उसवून नव्याने बेतायचा. चार वेळा घालून बघावा लागला आणि चारही वेळा शिंप्याच्या ओठांत टाचण्यांची रांग होती. बाई सावकाश बोलणाऱ्या. एकेक शब्द कपाटातून काढावा, धूळ झटकावी आणि मग पुढे ठेवावा, असं त्यांचं बोलणं. पुस्तकांची पानं दुमडणारे वाचक, एकच पुस्तक अकराव्यांदा नेणारे आजोबा, असं काय काय त्या सांगत होत्या. शिंपी गुडघ्यांवर बसून "हं" आणि "अंहं" करत होता.

चौथ्या खेपेला त्या काजं करत बसलेल्या ताईला म्हणाल्या, "तुमचे भाऊ किती शांतपणे ऐकतात हो."

ताईच्या हातातली सुई थांबली. भावाबद्दल हे तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण ते खोडून काढायला ती काही वेडी नव्हती.

रविवारी दुपारी वाचनालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात बाईंनी शिंप्याला बोलावलं. टाचण्या अर्थातच नव्हत्या.

"मी लहान असताना आमच्याकडे एक..."

"कुत्रा होता."

"नाही. एक..."

"मांजर."

"एक काका राहायला आले होते. ते एक दिवस अचानक..."

"निघून गेले."

"वारले," बाई म्हणाल्या आणि बिनसाखरेची कॉफी बराच वेळ ढवळत बसल्या.

सोमवारी त्या दुकानात डोकावल्या, पण शिंपी कापड आणायला गेला असताना. दुकानातले आणि बाहेरचे हे गृहस्थ एकच ना, असं त्यांनी ताईला विचारलं. रविवारी पुन्हा भेटून बघते, म्हणाल्या. पण घरीदारी सगळे आपलं बोलणं तोडतात, त्यात आणखी एकाची भर नको. ताईने हे भावाला जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा त्याने कात्री खाली ठेवली. बाई त्याला मनापासून आवडल्या होत्या. चार खेपांत त्या जे बोलल्या ते त्याला पाठ होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणाची तरी वाक्यं शेवटपर्यंत ऐकली होती आणि ती त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी चांगली निघाली होती.

"टाचण्या घेऊन जाऊ का?" त्याने विचारलं.

"कॉफी प्यायला?" ताई म्हणाली. तिने मेजावर हाताला लागलं ते एक बटण उचलून त्याच्यापुढे धरलं. "हे गालात धर. बाईंचं वाक्य संपेपर्यंत जीभ हलवायची नाही."

दुसरा रविवार सुरुवातीला अगदी दृष्ट लागण्यासारखा गेला. बाईंनी काकांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्यात एक हरवलेली छत्री होती, एक भांडण होतं आणि शेवट असा होता की शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मधल्या काळात जिभेने सात-आठ वेळा उसळी घेतली, पण बटणाने तिला अडवून धरलं. अडचण एकच होती, कॉफीची. ती समोर गार होत चालली होती.

"आवडली नाही का?" बाईंनी विचारलं.

"अंहं," शिंपी म्हणाला.

मग बाईंना त्याचा एक गाल फुगलेला दिसला. "दाढ दुखतेय?"

नाही म्हणावं तर तोंड उघडून खुलासा करणं आलं. शिंप्याने मान डोलावली. घात तिथे झाला. बाईंच्या बहिणीचे यजमान दातांचे डॉक्टर होते, घर दोन इमारती सोडून आणि दवाखाना घराच्या खालीच. असं दुखत असताना तुम्ही माझी एवढी लांबण ऐकत बसलात, असं म्हणत बाईंनी त्याला हाताला धरून तिकडे नेलं. हातात हात असल्यामुळे शिंप्याला पळून जाणंही जमेना.

डॉक्टर माणूस उत्साही होता. "कधीपासून? दोन दिवस ना? वाटलंच. गरम लागलं की कळ येते, बरोबर?"

शिंपी "अंहं" म्हणाला. डॉक्टरांनी तो होकार धरला आणि खुर्ची मागे कलती केली. त्याबरोबर बटण गालातून निसटलं आणि थेट पोटात गेलं. शिंप्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. श्वास जागेवर येईतो हिरडीत इंजेक्शन बसलं होतं आणि अर्धं तोंड त्याचं राहिलं नव्हतं.

त्याने खुणेने कागद मागितला. 'दाढ' एवढं लिहिलं तोच खांद्यावरून बघणारे डॉक्टर म्हणाले, "काढा. काढतो ना." शिंप्याने जोरात मान हलवली आणि नव्या ओळीवर 'मला' लिहिलं. "भीती वाटते. सगळ्यांनाच वाटते हो," असं म्हणून डॉक्टरांनी चिमटा उचलला.

आपलं वाक्य दुसऱ्याने हातातून ओढून नेलं की कसं वाटतं, ते शिंप्याला तेव्हा कळलं. डॉक्टरांच्या डोक्यात कागदांचा गठ्ठा घालावा, असं त्याला वाटलं. पाठोपाठ ते वारलेले काका आठवले आणि त्याला मनातून फार लाज वाटली.

"भावोजी," बाई म्हणाल्या, "त्यांचं संपू द्या."

शिंप्याने सावकाश लिहिलं. बाईंनी शेवटचा पूर्णविराम पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग वाचलं: 'दाढ ठीक आहे. तुमचं बोलणं मध्येच तोडू नये म्हणून गालात बटण धरलं होतं. ते आत्ता गिळलं. काकांचं वाईट वाटलं.'

बाई हसल्या नाहीत. कागदाची नीट घडी करून त्यांनी ती पर्समध्ये ठेवली. बटण एक-दोन दिवसांत आपली वाट शोधेल, एवढं निदान मात्र डॉक्टरांनी अचूक केलं.

बाहेर आल्यावर दोघं फुटपाथवर उभे राहिले. "तुम्ही बोलू नका," बाई म्हणाल्या. "मला असं वाटतं, की आपण दोघांनी आता..."

आणि थांबल्या. शिंपी ऐकत राहिला. एक सायकल गेली, मग एक भाजीची गाडी गेली. शिंपी ऐकतच होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "हे एवढं एक वाक्य तुम्ही पूर्ण करायचंय."

जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांची शेपटं तयार ठेवणाऱ्या माणसाने सगळा जोर लावला. बधिर ओठांतून "लफ" असा आवाज आला आणि थोडी लाळ.

"लग्न करावं," बाईंनी पूर्ण केलं आणि आपला रुमाल त्याला दिला.

घरी ताई दारातच उभी होती. बाई काय म्हणाल्या, हे तिने विचारलं नाही; भावाचा चेहरा तिला वाचता येत होता. तिने वेगळंच विचारलं. "बटण कुठाय? मी चुकून त्यांच्याच कोटाचं उचललं रे. चारच होती, आता तसं दुसरं मिळायचं नाही."

खरंच मिळालं नाही. करड्या कोटाला तीन बटणं करडी आहेत आणि चौथं काळं. लोक हमखास विचारतात. शिंपी मग खुर्ची पुढे ओढतो, घसा साफ करतो आणि अगदी पहिल्यापासून सांगायला बसतो, "त्याचं असं झालं, की ताईने मला ते बटण दिलं, आणि मी ते..."

"गिळलं," बाई म्हणतात.